उडालेली फाइल कधी मिळते, कधी मिळत नाही

डेटा रिकव्हरी करणाऱ्याच्या टेबलावर हार्ड डिस्क ठेवताना माणूस एकच प्रश्न विचारतो: परत मिळेल ना? फाइल किती महत्त्वाची होती, यावर त्याचं उत्तर ठरत नाही. ती कशावर साठवलेली होती, कशी गेली आणि ती गेल्यानंतर त्या कॉम्प्युटरवर काय काय केलं गेलं, यावर ते ठरतं. यातली शेवटची गोष्ट पूर्णपणे आपल्या हातात असते, आणि बहुतेकांकडून नेमकी तीच बिघडते. घाबरून रीस्टार्ट मारला जातो, नेटवरून दोन-चार रिकव्हरी सॉफ्टवेअर उतरवली जातात, ओळखीतला एखादा मुलगा येतो आणि विंडोज नव्याने टाकतो. यातल्या प्रत्येक खटाटोपात फाइलच्या उरल्यासुरल्या अवशेषांवर नवा मजकूर लिहिला जातो. म्हणून आत काय घडतं ते आधी नीट पाहू. ते एकदा कळलं की काय करायचं आणि काय टाळायचं, हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

विंडोजच्या कॉम्प्युटरवर डिस्कची मांडणी सहसा एनटीएफएस पद्धतीची असते. तिच्यात 'मास्टर फाइल टेबल' नावाची एक नोंदवही असते. प्रत्येक फाइलची तिथे सहसा १०२४ बाइटची एक नोंद असते. फाइलचं नाव, तारखा, आकार आणि तिचे तुकडे डिस्कवर कुठे कुठे ठेवलेत त्यांचे पत्ते तिच्यात असतात. हे तुकडे बहुधा चार-चार किलोबाइटच्या कप्प्यांत बसवलेले असतात. कोणता कप्पा भरलेला आणि कोणता रिकामा, याचा एक वेगळा तक्ता असतो. आपण फाइल कायमची डिलीट करतो तेव्हा विंडोज तिच्या नोंदीवर 'वापरात नाही' अशी खूण करतं आणि तक्त्यात ते कप्पे रिकामे दाखवतं. मजकुराला हातही लावत नाही. तलाठ्याच्या दप्तरात सातबाऱ्यावरून नाव कमी झालं तरी शेत आणि त्यातलं उभं पीक जागच्या जागी असतं, तसंच हे. पीक मोडतं ते दुसरं कोणी येऊन त्यात नांगर घालतं तेव्हा.

हा नांगर बहुतेक वेळा विंडोज स्वतःच घालतं. तुम्ही काही करत नसलात तरी ते मागच्या मागे लिहीत असतं: ब्राउझरची तात्पुरती साठवण, अँटिव्हायरसच्या नोंदी, अपडेट, रॅम कमी पडली की डिस्कवर टाकायचा मजकूर. त्यासाठी त्याला मोकळे कप्पे लागतात, आणि तुमचे फोटो ज्या कप्प्यांत आहेत ते तक्त्यात मोकळेच दिसत असतात. एकदा त्यांवर नवं लिहिलं गेलं की खालचं जुनं वाचून काढण्याची कोणतीही व्यवहार्य रीत आजच्या डिस्कांवर नाही, मग कितीही मोठ्या प्रयोगशाळेत न्या. म्हणून फाइल गेल्याचं लक्षात आलं की ती ज्या ड्राइव्हवर होती त्यावरचं काम तिथल्या तिथे थांबवायचं. पेन ड्राइव्ह असेल तर काढून ठेवायचा. सी ड्राइव्ह असेल तर कॉम्प्युटर बंद करायचा.

बंद करण्याआधी रीसायकल बिन उघडून पाहा. तिथे गेलेली फाइल खऱ्या अर्थाने डिलीट झालेलीच नसते, फक्त तिची जागा बदललेली असते. शिफ्ट दाबून डिलीट केलेल्या, पेन ड्राइव्हवरून काढलेल्या आणि फार मोठ्या आकाराच्या फाइली मात्र तिथे थांबत नाहीत. वर्डची फाइल सेव्ह करायची राहिली असेल तर फाइल मेनूतल्या इन्फोमध्ये, मॅनेज डॉक्युमेंटखाली, न साठवलेले मसुदे सापडू शकतात. आणि फोल्डर गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हशी जोडलेलं असेल तर त्यांचा ट्रॅश मोबाइलवरून पाहा, कॉम्प्युटर चालू ठेवायची गरज नाही. गूगल ड्राइव्हचा ट्रॅश ३० दिवसांनी आपोआप रिकामा होतो. घरगुती खात्यावर वनड्राइव्हही ३० दिवसच थांबतं. बॅकअप झालेले फोटो गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतात. खूप जण इथे न पाहताच दुकान गाठतात.

पेन ड्राइव्ह आणि कॅमेऱ्याचं कार्ड यांची मांडणी बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट असते. फॅट३२मध्ये डिलीट करताना नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी एक खुणेचा आकडा लिहिला जातो. त्यामुळे अशा कार्डावरून परत मिळालेल्या फाइलींची पहिली अक्षरं अनेकदा गळालेली दिसतात. याहून वाईट म्हणजे तुकड्यांना जोडणारी साखळीही पुसली जाते. फाइल सलग कप्प्यांत असली तर अख्खी मिळते. विखुरलेली असली तर अर्धा फोटो आणि खाली राखाडी पट्टा, असं काहीतरी हाती लागतं.

नोंदवहीच नष्ट झाली असेल, म्हणजे कोणी ड्राइव्ह फॉरमॅट मारला असेल, तरी एक मार्ग उरतो. प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात ठरलेल्या आकड्यांनी होते. जेपेग फोटो एफएफ, डी८, एफएफ या बाइटांनी सुरू होतो. पीडीएफच्या सुरुवातीला पीडीएफ ही अक्षरंच लिहिलेली असतात. वर्डची आजची फाइल आतून झिप असल्याने 'पी' आणि 'के' या अक्षरांनी सुरू होते. फोटोरेक हे मोफत आणि खुलं सॉफ्टवेअर नोंदवहीकडे पाहतच नाही. डिस्कचा कप्पा न् कप्पा वाचत ते या खुणा शोधतं आणि तिथून पुढचा मजकूर फाइल म्हणून उचलतं. नावं आणि फोल्डर मात्र मिळत नाहीत. हजारो फोटो नुसत्या क्रमांकांनी समोर येतात आणि ते लावत बसावं लागतं. तरीही रिकामं दिसणारं कार्ड अशा रीतीने बोलतं झालेलं पाहणं हा मोठा दिलासा असतो.

इथे फॉरमॅटमधला एक फरक सांगायला हवा. 'क्विक फॉरमॅट' नवी कोरी नोंदवही मांडतो आणि जुना मजकूर तसाच राहतो. 'क्विक फॉरमॅट'पुढची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केला तर विंडोज व्हिस्टापासून पुढच्या सगळ्या आवृत्त्या डिस्कभर शून्यं लिहितात. त्यानंतर शोधण्यासारखं काही उरत नाही.

कोणतंही रिकव्हरी सॉफ्टवेअर वापरा, एक शिस्त पाळावीच लागते. ते फाइल गेलेल्या ड्राइव्हवर इन्स्टॉल करायचं नाही आणि सापडलेल्या फाइलीही त्याच ड्राइव्हवर साठवायच्या नाहीत. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडावी, आणि मिळेल ते तिसऱ्या जागी उतरवावं.

आतापर्यंतचं सगळं जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला, पेन ड्राइव्हला आणि कार्डाला लागू पडतं. आजच्या बहुतेक नव्या लॅपटॉपांत एसएसडी असते आणि तिथे हा हिशेब पार बदलतो. अजूनही पुष्कळ लोक, अगदी दुकानदारसुद्धा, 'डिलीट झालं तरी आत असतंच' या जुन्या भरवशावर चालतात. मला हा भरवसा आज धोक्याचा वाटतो.

एसएसडीतल्या फ्लॅश चिपवर आधी लिहिलेल्या जागी थेट दुसरं लिहिता येत नाही. ती जागा आधी पुसावी लागते, आणि पुसायची तर एकेक पान पुसता येत नाही, शेकडो पानांचा अख्खा ठोकळा एकदम पुसावा लागतो. हे ऐनवेळी करत बसलं तर डिस्क मंदावते. म्हणून फाइल डिलीट होताच 'या जागा आता नकोत' असा निरोप विंडोज एसएसडीला पाठवतं. या निरोपाला ट्रिम म्हणतात. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून ही सोय आहे. निरोप मिळाला की एसएसडी तिच्या सवडीने ते ठोकळे पुसून ठेवते. प्रत्यक्ष पुसणं मागाहून झालं तरी ट्रिम झालेली जागा वाचायला गेलं की बऱ्याच एसएसडी लगेचच नुसती शून्यं दाखवू लागतात. वरच्या उदाहरणात पीक उभं राहत होतं. इथे नाव कमी होताच शेत नांगरलं जातं. रिकव्हरी सॉफ्टवेअरला काही दिसलंच तर ते फाइलचं नाव असतं, आत मजकूर नसतो. काही नव्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कही ट्रिमचा निरोप पाळतात, त्यामुळे तिथेही पूर्वीइतकी खात्री राहिलेली नाही.

तुमच्या कॉम्प्युटरमध्ये काय आहे ते पाहायला टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये डिस्कवर जा, तिथे एसएसडी की एचडीडी ते लिहिलेलं असतं. एसएसडी असेल तर डिलीट म्हणजे गेलंच, असं धरून चाला.

आता डिस्कच आजारी पडते तेव्हाचं. फिरती हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि तिच्या चकत्यांवर वाचणारं हेड काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं. धुळीचा साधा कण या फटीपेक्षा कितीतरी मोठा. म्हणूनच हार्ड डिस्क घरात उघडायची नसते. ती उघडण्याचं काम धूळमुक्त खोलीत चालतं. डिस्क टक्टक् आवाज करू लागली, पडली किंवा भिजली, तर पुन्हा पुन्हा चालू करून पाहण्याचा मोह टाळा. निखळलेलं हेड प्रत्येक फेरीला चकतीवरचा थर खरवडत असतं आणि त्या थरातच तुमचा डेटा असतो. फ्रीजमध्ये ठेवण्याचा जुना तोडगा तर अजिबात करू नका. बाहेर काढली की आत दव धरतं आणि उरलेलंही जातं.

बिघाड आवाजाने कळतोच असं नाही. कधी फाइल उघडायला फार वेळ लागतो, कधी कॉपी मधेच अडकते, कधी ड्राइव्ह जोडल्यावर 'वापरण्याआधी फॉरमॅट करा' अशी पाटी येते. त्या पाटीवर नेहमी कॅन्सल दाबायचं. विंडोजचं चेकडिस्कही अशा वेळी चालवायचं नाही. ते नोंदवही दुरुस्त करण्यासाठी डिस्कवर लिहितं, आणि आजारी डिस्कवर लिहिणं म्हणजे तिच्या जखमा वाढवणं. जाणकार माणूस आधी डिस्कची जशीच्या तशी प्रत, म्हणजे इमेज, काढतो. त्यासाठी लिनक्सवर चालणारं डीडीरेस्क्यू वापरतात. ते आधी नीट वाचता येणारा सगळा भाग पटापट उचलतं आणि खराब जागांकडे शेवटी वळतं, त्यामुळे डिस्क मधेच मेली तरी बहुतांश डेटा हाती आलेला असतो. पुढची शोधाशोध त्या प्रतीवर होते. दुकानात डिस्क देताना 'आधी इमेज काढणार का?' एवढं विचारा. उत्तरावरून समोरच्याची तयारी कळते. तपासणीचं शुल्क किती, डेटा मिळाला नाही तर पैसे लागतील का, आणि काढलेल्या प्रती नंतर पुसल्या जातील का, हेही आधीच ठरवून घ्यावं.

डिस्क पुष्कळदा आधी इशारा देते. स्मार्ट नावाची यंत्रणा तिच्यातच असते आणि क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर ती वाचून दाखवतं. तिथे 'रीअ‍ॅलोकेटेड' आणि 'पेंडिंग' सेक्टरांचे आकडे शून्यावरून वाढू लागले असतील तर त्याच दिवशी डेटा दुसरीकडे हलवा. आकडे चांगले असले म्हणून निर्धास्त मात्र राहू नका. इशारा न देता जाणाऱ्या डिस्कही असतात, आणि एसएसडीची तर तीच रीत जास्त.

अलीकडे डेटा परत मिळवण्याच्या वाटेला आणखी एक कुलूप लागलं आहे. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून नव्याने बसवलेल्या विंडोजवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. लॅपटॉप चोरीला गेला तर आपला डेटा कोणाच्या हाती लागत नाही, ही चांगलीच बाजू. पण मदरबोर्ड बदलला किंवा डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर धडधाकट डिस्कमधूनही काही मिळत नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले, तेव्हा अनेक ठिकाणी दुरुस्ती अडकली ती याच कीसाठी. ही की सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती आजच कागदावर छापा आणि पासपोर्ट, गाडीचे कागद ठेवता तिथे ठेवा.

ट्रिम आणि एन्क्रिप्शन यांमुळे गेल्यावर शोधण्याचे दरवाजे एकेक करून बंद होत आहेत. उरतो तो आधी काढलेल्या प्रतीचा आधार. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी यासाठी एक सूत्र रूढ केलं: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. शेवटची अट आपल्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्षिली जाते. २००५ ची मुंबई, २०१९ ची सांगली-कोल्हापूर, २०२१ चं चिपळूण आठवून पाहा. घरात पाणी शिरलं तेव्हा कॉम्प्युटर आणि त्याच कपाटातली बॅकअपची डिस्क यांचं भवितव्य एकच होतं. एक प्रत परगावच्या बहिणीकडे किंवा क्लाउडवर असावी ती यासाठी.

क्लाउडबद्दल एक गैरसमज मात्र फार पसरला आहे. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हशी फोल्डर जोडलं की बॅकअप झाला, असं लोक मानतात. सिंक म्हणजे दोन्हीकडे सारखं ठेवणं. तुम्ही इथे फाइल उडवली की तिथेही उडते, इथे बिघडली की बिघडलेलीच तिथे पोचते. ट्रॅशची मुदत आणि जुन्या आवृत्त्या असतात तेवढाच आधार. पाच महिन्यांपूर्वी चुकून गेलेलं फोल्डर आज लक्षात आलं तर तो आधार संपलेला असतो.

घरगुती वापरासाठी मी एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणि विंडोजमधलीच फाइल हिस्टरी सुचवेन. कंट्रोल पॅनेलमध्ये ती एकदा चालू केली की डिस्क जोडलेली असताना बदललेल्या फाइलींच्या प्रती दर तासाला घेते आणि जुन्या आवृत्त्याही ठेवते. मॅकवर २००७ पासून हेच काम टाइम मशीन करतं. फक्त फाइल हिस्टरी कोणती फोल्डर उचलते ते पाहून घ्या. टॅलीचा डेटा सहसा वेगळ्याच फोल्डरमध्ये असतो, डी ड्राइव्हवर टाकलेल्या फाइलीही तिच्या यादीत नसतात. त्या हाताने जोडाव्या लागतात. बॅकअप किती दिवसांनी घ्यायचा, हे स्वतःला विचारून ठरवा: किती दिवसांचं काम पुन्हा करायला लागलं तर चालेल?

काम झालं की डिस्क काढून ठेवायची. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणीसाठी फाइली अडकवणाऱ्या सॉफ्टवेअरने, दीडशेच्या आसपास देशांतले कॉम्प्युटर कुलूपबंद केले. अशी रॅन्समवेअर जोडलेली प्रत्येक डिस्क शोधतात आणि बॅकअपही कुलूपबंद करतात. घरगुती कॉम्प्युटरवर ती बऱ्याचदा क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर येतात. तसं झालं तर खंडणी देऊ नका, १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदतक्रमांकावर तक्रार करा आणि 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर त्या प्रकाराची मोफत चावी आहे का पाहा. नेदरलँड्सचे पोलीस आणि युरोपोल यांच्या पुढाकाराने ते २०१६ पासून चालतं. काही प्रकारांच्या चाव्या तिथे आहेत, सगळ्यांच्या नाहीत. पेन ड्राइव्हवर आणि कपाटात पडून राहणाऱ्या एसएसडीवर एकुलती प्रत ठेवू नका. फ्लॅशमधला विद्युतभार हळूहळू ओसरतो. आयुष्यभर वापरून झिजलेल्या एसएसडीकडून मानकाची अपेक्षा ३० अंश सेल्सिअसला विजेविना एक वर्ष डेटा टिकवण्याची आहे, आणि आपले उन्हाळे ३० अंशांवर थांबत नाहीत.

प्रत आहे एवढं पुरत नाही, ती उघडते का हे पाहावं लागतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीतल्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरचा सुमारे ३०० जीबी डेटा उडवला. लक्षात येऊन थांबवेपर्यंत जेमतेम साडेचार जीबी उरला होता. नियमित बॅकअप होता, पण आवृत्ती जुळत नसल्याने तो घेतलाच जात नव्हता आणि तसं कळवणारे ईमेल वाटेत नाकारले जात होते. वाचवलं ते सहा तास आधी सहज हाताने घेतलेल्या एका प्रतीने. सॉफ्टवेअर हाच ज्यांचा धंदा त्यांची ही गत झाली. आपण तर महिन्यातून एकदा बॅकअपमधली कोणतीही एक फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहायलाच हवी.

हे उघडून पाहणं मराठी मजकुराच्या बाबतीत तर फारच निकडीचं आहे. युनिकोड रूढ होण्याआधी आपलं बहुतेक टंकन श्रीलिपी, आकृती, आयएसएम, कृतिदेव अशा फॉन्टांत झालं. त्या फाइलींच्या पोटात देवनागरी नाहीच. आत रोमन अक्षरांचे आकडे आहेत आणि त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. तो फॉन्ट नसला की एका पानाच्या जागी अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. एकाच कंपनीच्या दोन फॉन्टांचे संकेतही सारखे असतील असं नाही. त्यातून पानांची मांडणी पेजमेकर या सॉफ्टवेअरमध्ये. त्याची ७.० ही मोठी आवृत्ती २००१ ला आली आणि पुढे ते थांबलंच. काही सॉफ्टवेअर डोंगल लावल्याशिवाय उघडत नाहीत, आणि डोंगल हरवलेलं असतं. दिवाळी अंक, स्मरणिका, गावांचे इतिहास, छोट्या प्रकाशकांची पुस्तकं असा किती ऐवज या अवस्थेत असेल. डिस्क ठणठणीत आहे, एकही बाइट गेलेला नाही, आणि तरी मजकूर वाचता येत नाही.

अशा फाइली तुमच्याकडे असतील तर पुढच्या पिढीवर सोपवू नका. फाइलबरोबर तिचा फॉन्टही त्याच फोल्डरमध्ये साठवा. जिथे अजून पेजमेकर चालतं अशा ठिकाणी जाऊन प्रत्येक पानाची पीडीएफ काढा, त्यात फॉन्ट अंतर्भूत करायला सांगा. मग कन्व्हर्टर लावून मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि पीडीएफशी ताडून जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व वेलांट्या दुरुस्त करा. हे काम करणारे जुने डीटीपी ऑपरेटर अजून गावोगावी आहेत, आणि कोणत्या फाइलला कोणता फॉन्ट लागतो हे बऱ्याचदा त्यांनाच माहीत असतं. ते कामावर आहेत तोवर त्यांना गाठा.